काचेवरची मुळाक्षरे

मुलाने पहिले अक्षर कशावर गिरवावे, हा प्रश्न एके काळी कोणी विचारीत नसे. पाटी होती, पेन्सिल होती. त्याही आधी धूळपाटी होती, आणि ती नाहीशी झाल्यावरही 'धुळाक्षरे' हा शब्द तिची आठवण म्हणून भाषेत राहिला. आज मात्र हा प्रश्न विचारावा लागतो. आपल्या घरांतील अडीच-तीन वर्षांची कितीतरी बालके पहिले अक्षर मोबाईलच्या काचेवर पाहतात. बोट लावताच 'क' उजळतो, कमळ उमलते, एक गोड आवाज 'क कमळाचा' असे म्हणतो आणि टाळ्या वाजतात. मूल हसते, आई समाधानाने आपल्या कामाला लागते, आणि संध्याकाळी पाहुण्यांपुढे मूल सगळी मुळाक्षरे धडाधड म्हणून दाखविते. यात वाईट काय आहे, असे कोणी विचारले तर झटकन उत्तर देता येत नाही. म्हणूनच या गोष्टीचा थोडा सावकाशीने विचार करावा, असे वाटते.

लहान मुलांना अक्षरे व शब्द शिकविणाऱ्या या अ‍ॅप्सविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते ही साक्षात सरस्वतीच घरोघरी अवतरली आहे. आता बालवाडीची फी नको, शिकवणी नको, अंकलिपीही नको. काहींच्या मते हे शुद्ध विष आहे, आणि मुलाच्या हाती मोबाईल देणारे आईबाप त्याचे वैरीच होत. पहिल्या मतात भोळेपणा आहे. दुसऱ्या मतात, आपल्या वस्तीतील आईबापांचा दिवस कसा जातो याचे अज्ञान आहे. माझे म्हणणे या दोहोंहून निराळे आहे. अक्षराची तोंडओळख यंत्र करून देऊ शकेल. शब्द मात्र मुलाला माणसाकडूनच मिळतो, कारण मूल शब्द ऐकून शिकते त्याहून अधिक उत्तर मिळवून शिकते. यंत्र बोलते पुष्कळ. उत्तर फार थोडे देते. तेव्हा यंत्र हाती द्यावे की न द्यावे, यापेक्षा यंत्रापाशी मुलाला एकटे बसवावे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम या साधनाचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. ते कंटाळत नाही. मुलाने एकच अक्षर शंभर वेळा विचारले तरी शंभराव्या वेळीही त्याचा आवाज पहिल्याइतकाच गोड असतो. जुन्या पंतोजींच्या हाती छडी असे. या नव्या पंतोजीपाशी ती नाही. ज्या मातेला स्वतःला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, तिच्या मुलालाही घरबसल्या अक्षरांची नावे कळू शकतात. आपल्या सुरतेसारख्या शहरात, जेथे शेजारी गुजराती, हिंदी, उडिया वा तेलुगू बोलणारे असू शकतात, तेथे मराठी मुळाक्षरे एका बोटाच्या अंतरावर असणे हीही लहान गोष्ट नव्हे.

काही अ‍ॅप्स तर केवळ बोलत नाहीत, ऐकण्याचाही प्रयत्न करतात. २०१९ साली गूगलने 'बोलो' नावाचे अ‍ॅप भारतात प्रथम हिंदी व इंग्रजीसाठी काढले आणि त्याच वर्षी त्यात मराठीचीही भर घातली. पडद्यावर गोष्ट दिसे, मूल ती मोठ्याने वाची, आणि 'दिया' नावाची चित्रातील मुलगी ऐकून अडलेला शब्द सांगे. उत्तर प्रदेशातील सुमारे २०० खेड्यांत त्याची चाचणी घेण्यात आली, आणि तीन महिन्यांत पुष्कळ मुलांच्या वाचनात सुधारणा दिसून आली. २०२० साली त्याचेच नाव 'रीड अलाँग' असे झाले. ज्या मुलाला थोडेफार वाचता येते त्याला सरावासाठी असे साधन उपयोगी पडते, हे नाकारण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि गुजरातेत लहान मुलांचे वर्ग पुन्हा भरावयास दीड वर्षाहून अधिक काळ लोटला. त्या दिवसांत पुष्कळ मुलांना शाळेचा जो काही धागा उरला होता, तो मोबाईलच्याच आधाराने.

इतके मान्य करूनही शंका उरतातच. पहिली शंका अक्षराविषयीची आहे.

अक्षर शिकणे म्हणजे काय? केवळ पाहणे आणि त्याचे नाव सांगणे एवढेच नव्हे. १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यात खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे आहेत. मूल त्या खरखरीत वळणावरून बोट फिरविते आणि तोंडाने ध्वनी उच्चारते. डोळा पाहतो, कान ऐकतो, आणि बोट ते वळण आपल्या स्मरणात ठेवते. आपली धूळपाटी काही निराळे करीत नव्हती. तेथेही बोटाखालची धूळ सरकत होती आणि अक्षराची वाट बोटाला कळत होती. काच मात्र सर्वत्र सारखीच गुळगुळीत असते. 'अ' काढा की 'ज्ञ' काढा, बोटाला लागणारा स्पर्श एकच. शिवाय पुष्कळ अ‍ॅप्समध्ये बोट थोडे वाकडे गेले तरी रेघ आपोआप सरळ होते, आणि बक्षिसाच्या चांदण्या पडतात. हात चुकतो आणि यंत्र ती चूक झाकते. मग हाताने शिकावे कसे?

ही केवळ जुन्या माणसाची कुरकुर नव्हे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स व त्यांच्या सहकारी यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचावयास न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी काही अक्षरे स्वतःच्या हाताने काढावयास दिली, काही ठिपक्यांवरून गिरवावयास दिली आणि काही कळ दाबून उमटवावयास दिली. नंतर तीच अक्षरे पाहताना मुलांच्या मेंदूचे निरीक्षण केले. मोकळ्या हाताने काढलेली अक्षरे पाहताना, वाचनाशी संबंध असलेले मेंदूचे भाग जितके जागे झाले, तितके इतर दोन प्रकारांत झाले नाहीत. प्रयोगातील मुले थोडी होती, हे खरे. तथापि त्यातून निघणारी सूचना प्रत्येक शिक्षकाला पटण्यासारखी आहे. मुलाने स्वतः काढलेले वाकडेतिकडे 'ग' हे त्याचे स्वतःचे असते. त्या वाकडेपणातूनच सरळ 'ग' कोणते, हे त्याला कळते.

दुसरी शंका खास मराठीची आहे. यांतील पुष्कळ अ‍ॅप्सचा मूळ साचा इंग्रजीचा किंवा हिंदीचा असतो. मराठी त्या साच्यात मागाहून ओतली जाते. इंग्रजी पद्धत अशी की, अक्षर दाखवावे आणि त्या अक्षराने आरंभ होणारा शब्द सांगावा. पण 'ण' आणि 'ळ' यांनी आरंभ होणारा शब्द मराठीत शोधून सापडावयाचा नाही. आपल्या अंकलिप्यांनी हे केव्हाच ओळखले आणि 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' असा मार्ग काढला. साचा हिंदीचा असला तर 'ळ' वर्णमालेतून गळण्याचा धोका असतो. आणि ज्या भाषेत बाळ, कमळ, आभाळ, फळा, शाळा हे मुलाचे पहिले शब्द आहेत, त्या भाषेतून 'ळ' गळणे म्हणजे शाळेतून शाळाच काढून टाकण्यासारखे आहे. 'च' आणि 'ज' यांचीही तीच गोष्ट. 'चार' या संख्येतला च आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला च लिहावयास एक, पण बोलावयास दोन. घरचे माणूस हा भेद न शिकविताच शिकविते. एकच ठोकळेबाज उच्चार ऐकविणारे यंत्र तो पुसून टाकते.

अक्षरांच्या आकाराविषयीही असेच आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेसंबंधी जो निर्णय काढला, त्यात मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीच वळणे मान्य केली. संगणकाच्या लेखी मात्र हिंदीचा ल आणि मराठीचा ल हे एकच अक्षर. कोणता आकार उमटावा हे फाँट ठरवितो. अ‍ॅप तयार करणाऱ्याने फाँट निवडताना लक्ष दिले नाही, तर मूल घरी एक ल पाहते आणि शाळेच्या पुस्तकात दुसरा. त्यातून आपली मुले सुरतेत वाढतात. दुकानांच्या पाट्यांवर गुजराती अक्षरे शिरोरेखेवाचून उभी असतात. 'ग', 'न', 'म' यांसारखी अक्षरे दोन्ही लिप्यांत सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. बाकीची काही चुलत, काही अगदी परकी. जवळचे माणूस रस्त्याने जाता जाता सहज म्हणते, "हा बघ गुजराती ग, याच्या डोक्यावर रेघ दे, की झाला आपला." या एका वाक्यात मुलाला दोन लिप्यांचे नाते समजते. हे वाक्य म्हणण्यासाठी मूल कोठे उभे आहे आणि कोणती पाटी पाहत आहे, हे ठाऊक असावे लागते. ते यंत्राला कोठून ठाऊक असणार?

आता शब्दांकडे वळू. कारण खरी मेख तेथे आहे. मुळाक्षरे म्हणता येणे ही वाचनाची देवडी आहे, वाचन नव्हे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून 'असर' हे सर्वेक्षण होत आले आहे. २०२४ सालच्या या सर्वेक्षणानुसार, ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. त्याच सर्वेक्षणात असेही दिसले की, १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. फोन चालविता येणे आणि परिच्छेद वाचता येणे यांत किती अंतर आहे, ते या दोन आकड्यांवरून ध्यानात येईल. वाचावयाचे म्हणजे शब्द ओळखावयाचा. आणि शब्द ओळखावयाचा तर तो आधी मुलाच्या जिभेवर आणि अनुभवात असला पाहिजे.

मग शब्द जिभेवर येतो कसा? याविषयी तीन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. २००३ साली अमेरिकेतील सिॲटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांना चिनी भाषा ऐकविली. काही बालकांपुढे चिनी बोलणारी माणसे बसून खेळली, गोष्टी वाचल्या. काहींना तेच सारे पडद्यावर दाखविले. माणसांसह खेळलेल्या बालकांना चिनी भाषेतील सूक्ष्म ध्वनिभेद ओळखू येऊ लागले. पडदा पाहिलेल्यांच्या पदरी काही पडले नाही. २०१० साली ज्यूडी डिलोच यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षापर्यंतच्या बालकांवर एक प्रयोग केला. शब्द शिकविणारी चित्रफीत महिनाभर पाहूनही त्यांचे शब्द, ती न पाहणाऱ्या बालकांहून वाढले नाहीत. ज्यांच्या आईबापांनी चित्रफितीवाचून, रोजच्या बोलण्यातून तेच शब्द शिकविले, ती बालके सर्वांत पुढे गेली.

तिसरा प्रयोग सर्वांत बोधप्रद आहे. २०१४ साली सारा रोझबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन रीतींनी शिकवून पाहिली : समोर बसून, चित्रफितीने आणि व्हिडिओ कॉलवरून. चित्रफितीने मुले शिकली नाहीत. परंतु व्हिडिओ कॉलवरून ती समोरासमोर शिकल्याइतकीच शिकली. आता पाहा, पडदा तोच, काच तीच. मग फरक कशाने पडला? कॉलवरचे माणूस मुलाच्या नजरेला नजर देते, मूल थांबले की थांबते, मूल हसले की हसते, त्याने विचारले की सांगते. चित्रफीत आपल्याच तालात पुढे जाते. दोष काचेचा नाही. काचेपलीकडे कोणी उत्तर देणारे आहे की नाही, याला महत्त्व आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे आजी-आजोबा धुळे, नंदुरबार वा जळगावकडे आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतून किती घरांचे धागे सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशात पोहोचतात, हे मी सांगावयास नको. त्या आजीला व्हिडिओ कॉल लावून नातवाला समोर बसवा. "आज काय जेवलास रे?" हा तिचा एक प्रश्न आणि त्याला मुलाने दिलेले अर्धेमुर्धे उत्तर, यांची किंमत एखाद्या अ‍ॅपच्या शंभर चित्रशब्दांहून अधिक आहे. तोच मोबाईल, तोच पैसा. पण आजीच्या तोंडी तो शिक्षक होतो.

आणि आजीची भाषा कोणती असेल? बहुधा अहिराणी. ती नातवाला 'आंडोर' म्हणेल. अ‍ॅप म्हणेल 'मुलगा'. गल्लीतले सवंगडी म्हणतील 'छोकरो'. पुष्कळांना वाटते की, यामुळे मूल गोंधळेल. म्हणून घरची बोली बंद करावी आणि अ‍ॅपमधील 'शुद्ध' शब्द तेवढे ठेवावेत. हा फार मोठा गैरसमज आहे. माझी घरची बोली कोंकणी. कोंकणी घरातले मूल पाण्याला 'उदक' म्हणते. यंत्रापुढे ते 'उदक' म्हणाले, तर यंत्र लाल फुली दाखवील. माणूस मात्र म्हणेल, "बरोबर, उदक म्हणजेच पाणी, आणि पूजेच्या वेळी गुरुजीही उदकच म्हणतात." फुली मिळालेले मूल गप्प होते, होकार मिळालेल्या मुलापाशी एकाचे दोन शब्द होतात. घरची बोली ही शाळेच्या भाषेच्या वाटेतील धोंड नसून तिची पहिली पायरी आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, जेथे शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत मुलांना घरच्या वा मातृभाषेतून शिकवावे, असे सांगितले आहे. याच सुरतेत जन्मलेल्या कवी नर्मदांनी आयुष्याची वर्षे वेचून गुजराती भाषेचा 'नर्मकोश' रचला आणि तो १८७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गोळा केलेले ते शब्द आधी घराघरांत आणि बाजारात बोलले जात होते, मग कोशात आले. कोश पाहून कोणते मूल बोलावयास शिकले?

या बाबतीत आपल्यापुढे एक फार जवळचे उदाहरण आहे, आणि त्यात गुजरात व महाराष्ट्र दोन्ही आहेत. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. लोक त्यांना प्रेमाने 'मूंछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. मराठी बाई गुजरातेत राहिल्या, गुजरातीतून शिकविले, लिहिले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे गोरगरिबांच्या मुलांसाठी काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि नंतर ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. सुरतेहून मुंबईस जाताना गाडी त्याच प्रदेशातून जाते.

ताराबाईंपुढचा प्रश्न आजच्यासारखाच होता. माँटेसरीचे साहित्य महाग, पालक कष्टकरी, आणि मुले बालवाडीत येईनात. त्यांनी दोन उपाय केले. साहित्य शिंपले, खडे, पाने, बिया यांचे केले. आणि मुले येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम येथे आहे. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली, आणि पुढे हा शब्द देशभर गेला. अनुताईंनी तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. आज कोणी म्हणेल की, मोबाईलही शाळा अंगणात नेतो. मग ताराबाईंचेच काम तो करीत नाही काय? अर्धे करतो. साहित्य तो अंगणात नेतो, यात शंका नाही. पण शिंपल्यांच्या टोपलीमागून ताराबाई स्वतः अंगणात जाऊन बसत होत्या. टोपली पोहोचली आणि ताई आल्या नाहीत, तर त्या अंगणाची वाडी होत नाही.

आता खरा आक्षेप येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या वस्तीत मुलाजवळ बसावयाचे कोणी? बाप यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला जातो. पाळी रात्रीची असली तर दिवसा त्याला झोपावे लागते. आई घरबसल्या साड्यांना लेस वा टिकल्या लावते, आणि जितके नग तितके पैसे. तिच्या हाती सुई असताना मुलाने मोबाईल पाहिला तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? मला तरी तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एका तासाहून अधिक नको. त्याहून कमी तितके बरे. सल्ला योग्य आहे. पण एक खोली, तीन मुले आणि बारा तासांची पाळी अशा घरात तो कसा पाळावयाचा, हे त्यात लिहिलेले नाही.

त्या मातेला मी एवढेच सुचवीन की, तिने काम सोडून बसण्याची गरज नाही; काम करता करता बोलावे. टिकली लाल की हिरवी, मोठी की बारीक, इकडे की तिकडे, साडीचा काठ, पदर, दोरा, गाठ, कात्री : यांतील एकेक शब्द मुलाच्या डोळ्यांपुढे आहे आणि हाताला लागणारा आहे. मूल "हे काय?" म्हणाले आणि आईने मान वर न करताही "ही फिरकी" एवढे म्हटले, तरी तो धडा झाला. अक्षरज्ञान नसलेली आईसुद्धा शब्दांच्या बाबतीत कोणत्याही अ‍ॅपहून श्रीमंत असते, हे तिला कोणीतरी सांगावयास हवे.

आणि विद्यार्थिमित्रहो, यानंतरचे माझे बोलणे तुमच्याशी आहे. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी धाकटी भावंडे आहेत, त्यांच्याइतका योग्य शिक्षक मला तरी दुसरा दिसत नाही. तुम्हांला शाळेची मराठी येते, आजीची बोली कळते, गल्लीची गुजराती तर तोंडपाठच आहे. फोन कसा चालवावयाचा हे तर तुम्ही आम्हांलाच शिकविता. घरातील या साऱ्या भाषांच्या मधला पूल तुम्हीच आहात. रोज पाव तास एवढेच मागणे आहे. धाकट्याला फोन हाती देऊन मित्रांकडे निघून जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा. पडद्यावर हत्ती आला तर विचारा, "हा काय खातो? आपण कोठे पाहिला होता?" 'न' आला तर फोन बाजूस ठेवा आणि जमिनीवर खडूने मोठा 'न' काढावयास सांगा; त्याचा वाकडा आला तरी पुसू नका. 'ळ' आला तर घरात कोणाच्या नावात 'ळ' आहे ते शोधा. तो गावाकडचा शब्द बोलला तर हसू नका. "आणखी एक शब्द आहे" असे म्हणून शाळेचा शब्द त्याच्या शेजारी ठेवा. आणि त्याने मध्येच भलताच प्रश्न विचारला तर अ‍ॅप थांबवा, पण प्रश्न थांबवू नका.

अ‍ॅप निवडावयाचे झाले तर तेही तुम्हीच पाहू शकाल. त्यात 'ळ' आहे का? ल आणि श मराठी वळणाचे आहेत का? मुलाला स्वतः बोलावयास जागा आहे का, की नुसत्या टाळ्या आणि जाहिराती आहेत? केंद्र सरकारने २०२३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला, तेव्हा प्रथम खेळणी, कोडी आणि चित्रांची पेटीच काढली. त्याचे अ‍ॅप मागाहून, २०२४ साली आले. हा क्रम घरीही पाळण्यासारखा आहे : आधी हाताला लागणारी वस्तू, मग तिचे चित्र.

मोबाईल आता आपल्या घरांतून जावयाचा नाही, आणि तो जावा असे मी म्हणतही नाही. पाटी आली तेव्हा धूळपाटी गेली. पुढे आणखी काही येईल. साधने बदलतील. परंतु मूल मात्र दर पिढीत तेच असणार : एक शब्द बोलून समोरच्याच्या तोंडाकडे पाहणारे. टाळ्या वाजून संपल्यावर, काच काळी झाल्यावर, ते मान वर करून जे पहिले वाक्य बोलेल, ते ऐकावयास घरातले कोणीतरी जवळ असावे.